घरच्या स्विमिंग पूलसाठी फिल्टर: वाळू, कार्ट्रिज की डीई?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराच्या आवारात ८ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद पूल बांधून होत आला आहे, सरासरी खोली १.४ मीटर. भोवती झाडं आहेत, पाणी जड आहे आणि बेतानंच मिळतं, देखभाल घरातल्याच माणसांनी करायची आहे. एका विक्रेत्यानं वाळूचा फिल्टर सुचवला, दुसऱ्यानं कार्ट्रिजचा, तिसऱ्याचं म्हणणं डीईएवढं, म्हणजे बारीक पुडीच्या थरातून गाळणाऱ्या फिल्टरएवढं, बारीक दुसरं काहीच गाळत नाही. तिघांनीही आपापले मायक्रॉनचे आकडे पुढे केले. यातलं काय घ्यायचं?

मी अनेक वर्षं पूल बसवतो आणि सांभाळतो. माझा सल्ला असा, की मायक्रॉनचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. घाण तिन्ही फिल्टर धरतात. धरलेली घाण फिल्टरच्या बाहेर कशी काढायची, ती काढताना किती पाणी जातं, ते पाणी कुठे सोडायचं आणि हे काम दर आठवड्याला कोण करणार, यात ते वेगळे आहेत. फिल्टर निवडताना खरं तर हीच चार उत्तरं शोधायची असतात. घरचा पूल बिघडतो तो बहुतेक वेळा फिल्टर लहान निवडल्यामुळे किंवा त्याची साफसफाई टाळली गेल्यामुळे.

तरी आकडे एकदा सांगून टाकतो, म्हणजे विक्रेत्याशी बोलताना अडचण होणार नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि ४० मायक्रॉनच्या खालचा कण सुटा असेल तर नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. वाळूचा फिल्टर २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण धरतो, कार्ट्रिज १० ते २० पर्यंतचे, डीई ३ ते ५ पर्यंतचे. हे आकडे ढोबळ आहेत. त्या मापाचा प्रत्येक कण पहिल्याच फेरीत अडकेल असा त्यांचा अर्थ नाही. पाणी त्याच फिल्टरमधून पुन्हा पुन्हा जातं, दर फेरीत थोडे थोडे कण कमी होत जातात. म्हणून नीट मापाचा आणि हळू चालवलेला वाळूचा फिल्टरसुद्धा पाणी इतकं स्वच्छ ठेवतो, की तळाच्या फरशीचा सांधा खोल बाजूलाही स्पष्ट दिसतो.

या फेऱ्यांचं एक गणित आहे. १९२६ साली गेज आणि बिडवेल या दोघा संशोधकांनी ते मांडलं आणि आजही ते वापरात आहे. पूलमध्ये आहे तेवढं पाणी एकदा फिल्टरमधून फिरवलं म्हणजे सगळं पाणी गाळलं गेलं असं होत नाही, कारण गाळलेलं पाणी न गाळलेल्यातच मिसळत राहतं. एका फेरीत सुमारे ६३ टक्के पाणी फिल्टरमधून गेलेलं असतं, दोन फेऱ्यांत ८६, तीन फेऱ्यांत ९५ आणि चार फेऱ्यांत ९८ टक्के. त्यामुळे पूल रोज पुरेसा वेळ फिरवणं हे फिल्टरच्या प्रकारापेक्षा मोठं काम आहे.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण घरात लहान मुलं असतील तर ती महत्त्वाची आहे. फिल्टर पाणी निर्जंतुक करत नाही. ते काम क्लोरीनचं आहे आणि क्लोरीन नीट काम करायला पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान लागतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा परजीवी ४ ते ६ मायक्रॉनचा असतो. वाळू आणि कार्ट्रिज दोन्हींतून तो निसटू शकतो आणि क्लोरीनलाही तो सहज दाद देत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या हिशोबानं तो मारायला दर लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन १५,३०० मिनिटं, म्हणजे साडेदहा दिवस टिकून राहावं लागतं. म्हणून जुलाब होत असलेल्या कुणालाही पाण्यात उतरू द्यायचं नाही. त्याला दुसरा इलाज नाही. डीई फिल्टर या बाबतीत थोडी जास्त मदत करतो, पण एवढ्यासाठी घरी डीई घ्यावा असं मी म्हणणार नाही.

आता एकेक प्रकार पाहू.

वाळूचा फिल्टर म्हणजे एक गोल टाकी. तिच्यात ०.४५ ते ०.५५ मिलिमीटर दाण्याची सिलिका वाळू भरलेली असते. तळाशी चाळणीसारख्या बारीक फटींच्या नळ्या असतात, त्यांना लॅटरल म्हणतात. पाणी वरून येतं, वाळूतून खाली उतरतं आणि लॅटरलमधून पूलमध्ये परत जातं. घाण वाळूच्या वरच्या थरात अडकते. थोडी घाण साचली की दाण्यांमधल्या फटी आणखी बारीक होतात आणि फिल्टर आधीपेक्षा चांगलं गाळायला लागतो. म्हणूनच दर दोन दिवसांनी उगाच बॅकवॉश, म्हणजे पाणी उलट्या दिशेनं सोडून वाळूची धुलाई, करणाऱ्यांचं पाणी कायम किंचित गढूळ दिसतं. त्यांची वाळू जमून यायच्या आतच धुतली जाते.

बॅकवॉश कधी करायचा ते प्रेशर गेज सांगतो. फिल्टर स्वच्छ असताना काटा जिथे असतो त्याच्या वर ०.५ ते ०.७ बार चढला की बॅकवॉश करायचा, त्याआधी नाही. पंप बंद करायचा, मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा, म्हणजे पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा, दांडा दाबून बॅकवॉशवर न्यायचा आणि मग पंप चालू करायचा. पंप चालू असताना दांडा फिरवला तर आतलं चक्राच्या आकाराचं रबरी गॅस्केट जागेवरून निघतं आणि मग पाणी कायमच थोडं थोडं ड्रेनच्या पाइपातून जात राहतं. पूलची पातळी रोज का उतरते याचा शोध घेत लोक आधी तळाच्या फरशा तपासतात, आणि गळती निघते ती या व्हॉल्व्हमध्ये.

व्हॉल्व्हच्या बाजूला काचेची एक छोटी डबी असते, तिच्याकडे लक्ष ठेवा. पहिले काही सेकंद पाणी जवळजवळ स्वच्छ दिसतं, मग एकदम चहाच्या रंगाचं होतं, हळूहळू निवळतं, आणि पुष्कळदा मध्येच पुन्हा गढूळ होतं. ते दुसरं गढूळ पाणी निघून गेल्याशिवाय बॅकवॉश थांबवायचा नाही. एकूण दोन ते तीन मिनिटं लागतात. त्यानंतर पंप बंद करून दांडा रिन्सवर, अर्धा मिनिट पाणी ड्रेनमध्ये, आणि मगच फिल्टरवर. रिन्स करायचं टाळलं तर वाळूच्या तळाशी राहिलेलं मळकं पाणी थेट पूलमध्ये जातं आणि आत येणाऱ्या नळीच्या तोंडाशी धुरासारखा लोट दिसतो.

वाळूचा मोठा गुण म्हणजे ती खूप सोसते. पानांचा चुरा असो, धूळ असो, शेवाळ मेल्यानंतरचा गाळ असो, तिला चालतं. हाताला घाण लागत नाही, काही उघडावं लागत नाही. वाळू ५ ते ७ वर्षं सहज जाते. जड पाण्यात मात्र ती लवकर खराब होते. कॅल्शियम बसून दाणे एकमेकांना चिकटतात, गोळे तयार होतात आणि पाणी त्या गोळ्यांना वळसा घालून ठरावीक वाटांनी खाली जायला लागतं. वरचं झाकण काढून वाळूत मनगटापर्यंत हात घाला. मूठभर वाळू बोटांतून मोकळी सांडली तर ठीक. ढेकूळ हाताला लागलं, किंवा वाळूच्या पृष्ठभागावर खड्डे आणि चिरा दिसल्या, तर ती बदलायची वेळ झाली.

वाळूचा मोठा दोष म्हणजे पाणी. आणि इथेच मापाचं ते गणित येतं जे मला कुठल्याही विक्रेत्यानं स्वतःहून सांगताना ऐकायला मिळालेलं नाही, म्हणून ते जरा सविस्तर मांडतो.

तुमच्या पूलमध्ये ८ गुणिले ४ गुणिले १.४, म्हणजे जवळजवळ ४५ घनमीटर पाणी आहे, ४५ हजार लिटर. सहा तासांत एक फेरी धरली तर पंपानं तासाला ७.५ घनमीटर पाणी फिरवायला हवं. वाळूतून पाणी जितकं हळू उतरेल तितकं चांगलं गाळलं जातं. टाकीवर छापलेली क्षमता बहुधा तासाला ५० मीटर वेगानं काढलेली असते, पण घरच्या पूलसाठी मी ३० मीटरच्या आतला वेग धरतो. ७.५ भागिले ३० म्हणजे वाळूचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटर हवं. ६०० मिलिमीटर व्यासाच्या टाकीत ०.२८ चौरस मीटर मिळतं, वेग २६ ते २७ वर राहतो. ५०० मिलिमीटरच्या टाकीत क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटरच्या जरा खाली येतं आणि वेग ३८ वर जातो. इथपर्यंत मोठी टाकी सरस ठरते.

पण बॅकवॉशला उलटं हवं असतं. वाळूचा थर खालून उचलला जाऊन सैल व्हायला तासाला ४० ते ५० मीटरचा वेग लागतो. ६०० च्या टाकीसाठी हे तासाला साधारण १२ ते १३ घनमीटर पाणी झालं. रोजच्या फिरवण्यासाठी ७.५ घनमीटरचा पंप घेतलेला असेल तर तो ही वाळू उचलूच शकत नाही. वरचा गाळ थोडा निघतो, आतला आतच राहतो, आणि दोन वर्षांनी वाळू दगडासारखी झाली म्हणून तक्रार येते. मोठी टाकी आणि लहान पंप ही जोडी त्यामुळे फसवी आहे. उपाय एकच, वेग बदलता येणारा पंप. तो रोज हळू चालवायचा आणि बॅकवॉशपुरता पूर्ण वेगानं.

हाच पंप विजेच्या दृष्टीनंही फायद्याचा आहे. पंपाचा वेग निम्मा केला की पाणी निम्मं येतं, पण लागणारी शक्ती तत्त्वतः आठव्या हिश्श्यावर येते. दुप्पट वेळ चालवून तेवढंच पाणी फिरवलं तरी वीज चौथ्या हिश्श्याच्या आसपास लागते. प्रत्यक्षात मोटर आणि पाइपांमुळे बचत याहून कमी होते, तरीही ती मोठी असते. फिल्टर कुठलाही घ्या, हा पंप घ्या.

आता पाण्याचा हिशोब. तासाला १२ घनमीटरनं तीन मिनिटं बॅकवॉश म्हणजे ६०० लिटर. आठवड्याला एकदा धरला तर वर्षाला ३१ हजार लिटर, तुमच्या पूलच्या दोनतृतीयांश. शिवाय ते पाणी क्लोरीनचं असतं. ताजं पाणी तसंच झाडांच्या मुळाशी सोडलं तर झाडांना बाधतं, आणि मिठाचा क्लोरिनेटर, म्हणजे पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन तयार करणारं यंत्र, असेल तर मीठही जमिनीत जातं. ज्यांच्याकडे पाणी मुबलक आहे आणि सोडायला रीतसर ड्रेन आहे त्यांना मी आजही आधी वाळूच सुचवतो. तुमच्याकडे पाणी बेतानं मिळतं, तेव्हा हा मुद्दा फार जड होतो.

वाळूऐवजी काचेचे दाणे भरता येतात. तीच टाकी, तोच व्हॉल्व्ह, वजनानं साधारण १५ टक्के कमी माल लागतो. उत्पादक ५ मायक्रॉनपर्यंतचे दावे करतात. पाण्यातला फरक मला त्या दाव्यांएवढा कधी दिसला नाही, पण काच चिकटून गोळे होण्याचं प्रमाण कमी असतं आणि बॅकवॉश लवकर निवळतो, हे मात्र खरं आहे. जड पाण्यात वाळूचाच फिल्टर घ्यायचा ठरला तर काच भरा.

कार्ट्रिज फिल्टरमध्ये वाळू नसते. टाकीत पॉलिएस्टरच्या कापडाची चुण्या घातलेली नळकांडी असतात, एक किंवा चार. चुण्यांमुळे लहान जागेत पुष्कळ कापड मावतं, १० चौरस मीटरपासून ४० चौरस मीटरच्याही वर. एवढ्या क्षेत्रफळातून पाणी अगदी सावकाश झिरपतं. वाळूत जो वेग ताशी ३० मीटर असतो तो इथे १ मीटरच्या खाली ठेवता येतो. मल्टिपोर्ट व्हॉल्व्हही नसतो, त्यामुळे पाण्याला अडथळा कमी आणि पंप हळू चालवून भागतं. बॅकवॉश नाही, म्हणून ड्रेनमध्ये शेकडो लिटर जात नाहीत. कार्ट्रिज बाहेर काढायचं आणि नळीनं धुवायचं, एवढंच.

कार्ट्रिज घेताना लोक चुकतात ते आकारात. टाकीवरच्या क्षमतेचा आकडा बहुतेकदा ताशी अडीच मीटरच्या आसपासच्या वेगानं छापलेला असतो. त्या हिशोबानं तुमच्या पूलला ३ चौरस मीटर कापड पुरतं असं दिसेल आणि विक्रेता तेच देईल. ते दर चार दिवसांनी तुंबेल. सार्वजनिक पूलसाठी ०.९ मीटरची मर्यादा धरतात. ती घरीही पाळली तर ८ चौरस मीटरच्या वर कापड लागतं, आणि मी तुम्हाला त्याच्याही दुपटीनं, १६ ते २० चौरस मीटर घ्यायला सांगेन. कापड दुप्पट केलं की दोन धुण्यांमधला काळ माझ्या अनुभवात दुपटीहून जास्त वाढतो, कारण पाणी सावकाश जात असल्यामुळे घाण कापडात खोलवर दाबली जात नाही. जिथे आठवड्याला धुवावं लागत होतं तिथे महिना-दीड महिना निघतो. सुरुवातीला जास्त पैसे जातात, ते परत मिळतात.

धुण्याची पद्धत नीट असली तर कार्ट्रिज दोन-तीन वर्षं टिकतं, नाहीतर एकाच मोसमात वाया जातं. पंप बंद करा. टाकीच्या माथ्यावरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडा आणि फुसफुस पूर्ण थांबू द्या. गेजचा काटा शून्यावर आल्याशिवाय झाकण आवळणाऱ्या पट्ट्याला हात लावायचा नाही. ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर १ बार दाब म्हणजे ७०० किलोंहून जास्त वजनाचा जोर असतो. झाकण उडून माणसं जखमी झालेली आहेत, जीवही गेलेले आहेत. पुन्हा चालू करतानाही पट्टा पूर्ण आवळलेला आहे हे पाहून, हवेचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवून, पंप सुरू करून बाजूला व्हायचं. पाण्याची सलग धार आली की व्हॉल्व्ह बंद करायचा.

बाहेर काढलेलं कार्ट्रिज उभं धरा आणि साध्या नळीला नोझल लावून, तिरप्या धारेनं, वरून खाली एकेक चुणी उघडत धुवा. प्रेशर वॉशर वापरू नका, कापडाचे धागे फाटतात आणि फरक डोळ्यांना दिसतही नाही. धुतल्यानंतरही कापड पिवळट आणि हाताला तुळतुळीत लागत असेल तर त्यात अंगाचं तेल आणि सनस्क्रीन बसलेलं आहे. ते नळीनं जात नाही. कार्ट्रिज क्लीनरच्या किंवा ट्रायसोडियम फॉस्फेटच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायचं आणि सकाळी धुवायचं. चुण्यांवर पांढरी खरखरीत पुटं दिसली तर ते क्षार आहेत, ते आम्लानं निघतात. इथे क्रम पाळायलाच हवा. आधी तेल काढायचं, मग आम्ल. उलटं केलं तर तेलकट मळ कापडात पक्का बसतो आणि ते कार्ट्रिज पुन्हा मोकळं होत नाही. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी कधीच ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा घालायचा, आणि आम्ल क्लोरीनच्या आसपाससुद्धा आणायचं नाही, दोन्ही मिसळले की विषारी वायू निघतो.

चुण्या एकमेकींना चिकटून सपाट झाल्या, मधले पट्टे तुटले, टोकाच्या टोप्यांना तडे गेले, किंवा धुतल्यावर दोन-तीन दिवसांतच दाब पुन्हा चढायला लागला, तर कार्ट्रिज बदलायचं. पहिल्याच दिवशी दोन संच घेऊन ठेवले तर एक भिजत असताना दुसरा चालतो आणि पूल बंद ठेवावा लागत नाही. ही एवढी सोय केली की घरची माणसं धुण्याचं काम टाळत नाहीत, असं मी सगळीकडे पाहिलं आहे.

कार्ट्रिजच्या दोन अडचणी विक्रेता सांगणार नाही. पहिली, पाणी बाहेर जात नसल्यामुळे त्यात विरघळलेलं सगळं साचत जातं. क्लोरीनसाठी ट्रायक्लोरच्या वड्या वापरत असाल तर दर १० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) क्लोरीनमागे पाण्यात सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक आम्ल, म्हणजे उन्हात क्लोरीन टिकवणारं रसायन, वाढतं. वाळूच्या फिल्टरवाल्यांकडे बॅकवॉशच्या निमित्तानं थोडं जुनं पाणी जातं आणि नवं येतं, ते आम्ल आपोआप आटोक्यात राहतं. कार्ट्रिजवाल्यांकडे ते १०० च्या वर जाऊन बसतं आणि मग क्लोरीन मोजमापात दिसतं पण शेवाळ मरत नाही. म्हणून कार्ट्रिजबरोबर वड्यांवरच विसंबायचं नाही. द्रवरूप क्लोरीन किंवा मिठाचा क्लोरिनेटर वापरा आणि सायन्युरिक आम्ल ३० ते ५० मध्ये ठेवा.

दुसरी अडचण, पूल एकदा हिरवा झाला तर. शेवाळ मारल्यावर त्याचा गाळ तळाशी बसतो आणि तो व्हॅक्यूमनं खेचून थेट बाहेर टाकायचा असतो. वाळूच्या मल्टिपोर्टवर त्यासाठी वेस्टची जागा असते. कार्ट्रिजला ती नसते, सगळा गाळ कापडात जातो आणि दिवसातून तीन वेळा धुवावं लागतं. म्हणून पाइप बसवतानाच पंप आणि फिल्टरच्या मध्ये तीन तोंडांचा एक व्हॉल्व्ह आणि ड्रेनची एक शाखा काढून ठेवायला सांगा. बांधकाम चालू असताना हे अगदी किरकोळ काम असतं, नंतर फरशी फोडावी लागते. आणि तुरटी किंवा पीएसीसारखी गाळ धरणारी औषधं कार्ट्रिजमधून कधी फिरवू नका. वाळूवर ती मोजून वापरली तर फायदा देतात, कार्ट्रिजच्या कापडावर चिकट लेप बसतो.

डीई म्हणजे डायटमेशिअस अर्थ, सूक्ष्म शैवालांच्या सिलिकाच्या कवचांची पूड. टाकीत कापड चढवलेल्या जाळ्या असतात. स्किमरमधून, म्हणजे पूलच्या काठाशी पृष्ठभागावरचं पाणी खेचणाऱ्या तोंडातून, पाण्यात कालवलेली पूड ओतली की ती जाळ्यांवर जाऊन थर धरते, आणि गाळण्याचं काम तो थर करतो. दर चौरस मीटरला साधारण अर्धा किलो पूड लागते. तुमच्या पूलला ३ चौरस मीटरची डीई टाकी भरपूर झाली, म्हणजे दर वेळी दीड किलो. पाणी काचेसारखं होतं, यात वाद नाही. रात्री पूलमधला दिवा लावला की फरक दिसतो, वाळूच्या पाण्यात दिव्याचा झोत उठून दिसतो, डीईच्या पाण्यात जवळजवळ दिसत नाही.

पण ही पूड प्रत्येक बॅकवॉशनंतर नव्यानं घालावी लागते. फिल्टरसाठीच्या भाजलेल्या पुडीत स्फटिक सिलिका असते आणि तिची धूळ श्वासात गेली तर फुप्फुसांना कायमची इजा करू शकते. पिशवी उघडताना नीट बसणारा धुळीचा मास्क लागतोच, आणि मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही. बॅकवॉशचं पाणी तसंच गटारात सोडलं तर पूड पाइपात बसते, पुष्कळ ठिकाणी नियमांनी ते चालतही नाही, ती वेगळ्या पिशवीत धरावी लागते. पूड कमी पडली तर कापड थेट घाणीनं बुजतं, जास्त पडली तर जाळ्यांमधली जागा भरून थर एकमेकांना चिकटतात. एखादी जाळी फाटली की पांढरी पूड पूलच्या तळाशी येऊन बसते. वर्षातून एकदा सगळ्या जाळ्या उतरवून धुवाव्या लागतात. ज्यांच्याकडे नियमित येणारा जाणता माणूस आहे आणि ज्यांना पाण्याच्या त्या झळाळीची मनापासून हौस आहे, त्यांनी डीई जरूर घ्यावा. घरच्यांनीच सांभाळायच्या पूलसाठी मी तो सुचवत नाही.

डीईची थोडी झळाळी वाळूच्या फिल्टरलाही देता येते. स्वच्छ बॅकवॉशनंतर सेल्युलोजची फिल्टरपूड मूठ-मूठ पाण्यात कालवून स्किमरमधून सोडायची आणि गेजचा काटा ०.०५ ते ०.०७ बार वर सरकला की थांबायचं. वाळूच्या माथ्यावर बारीक थर बसतो आणि मेलेल्या शेवाळाची जी धूसर झाक वाळूतून निसटत राहते ती त्यात अडकते. पुढच्या बॅकवॉशला थर निघून जातो. सेल्युलोजच्या धुळीत स्फटिक सिलिका नसते, म्हणून मी डीईऐवजी तीच वापरतो.

तर तुमच्यासाठी. पाणी बेतानं आहे, देखभाल घरचीच आहे, तेव्हा १६ ते २० चौरस मीटरचा कार्ट्रिज फिल्टर, दोन संच आणि वेग बदलता येणारा पंप घ्या. झाडांचा बंदोबस्त फिल्टरमध्ये करायचा नसतो, त्याच्या आधी करायचा असतो. वाऱ्याची दिशा पाहून पानं जिथे गोळा होतात त्या बाजूला स्किमर काढा, त्याच्या जाळीत बारीक मोजासारखी पिशवी घाला आणि ती रोज झटका. पानांचं पाणी काळं होऊन कापडावर डाग धरतं, ते मग निघत नाहीत.

जड पाण्याचं मात्र आत्ताच ठरवा, कारण कार्ट्रिजला क्षार वाळूपेक्षा लवकर सतावतात. भरण्याआधी पाण्याची कॅल्शियमची कठीणता तपासून घ्या. ती ४०० पीपीएमच्या वर असेल तर पीएच ७.२ ते ७.४ च्या पट्ट्यात धरून ठेवावा लागेल आणि अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या क्षारांचं प्रमाण, ६० ते ८० पीपीएमच्या आसपास. त्याच्यापलीकडे पाणी फारच जड असेल आणि ते सौम्य करण्याची काही सोय नसेल, तर मी माझं मत बदलेन आणि ५०० मिलिमीटरची काच भरलेली टाकी घ्यायला सांगेन. तिला बॅकवॉशसाठी ताशी ८ घनमीटर पुरतात, एका वेळेचं पाणी ४०० लिटरवर येतं, आणि ते एका टाकीत साठवून, दोन-तीन दिवस उन्हात क्लोरीन उडू देऊन, मिठाचा क्लोरिनेटर नसेल तर झाडांना घालता येतं.

फिल्टर कुठलाही बसवला तरी पहिल्या दिवशी पंपाचा वेग ठरवून घ्या, तो दहा मिनिटं चालू द्या, आणि गेजवर काटा कुठे आहे ते टाकीवरच न पुसणाऱ्या शाईनं लिहून ठेवा, पंपाच्या वेगासकट. वेग बदलला की दाबही बदलतो, म्हणून पुढे वाचताना पंप त्याच वेगावर आणायचा. काटा त्या खुणेच्या बराच वर गेला तर फिल्टर तुंबलेला आहे. खाली आला तर फिल्टरला हात लावू नका, आधी स्किमरची जाळी आणि पंपाच्या तोंडची जाळी पाहा, पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाखाली उतरलेली नाही ना तेही पाहा. गेज स्वतः दोन-तीन वर्षांत अडकतो, पंप बंद केल्यावर काटा शून्यावर आला नाही तर तो बदलून टाका.